एक डबा की दोन डबे? घरच्या उन्हाळी एलसाठी किट निवडताना

घरी बिअर बनवायची म्हणून बादली, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, बाहेरची हवा आत न घेणारी झडप), हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी काचनळी) असं सगळं घरी आणून झालं, की दुकानातल्या फळीसमोर एकच प्रश्न उरतो. एका बाजूला एका डब्याचे किट असतात: दीड ते पावणेदोन किलो माल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीचा दाट पाक, त्यात हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) आधीच घातलेले, आणि वर किलोभर साखर आपली आपण घालायची. दुसऱ्या बाजूला दोन डब्यांचे: तीन किलोच्या आसपास एक्स्ट्रॅक्ट, साखरेचं नाव नाही. दोन्हींतून साधारण २३ लिटर, म्हणजे ब्रिटनमधल्या हिशेबाने चाळीस पाइंट बिअर होते. सल्ला बहुतेक सगळीकडे एकच मिळतो, की परवडत असेल तर दोन डब्यांचा घ्या, साखरेची बिअर पाणचट होते.

मी बर्मिंगहॅममध्ये घरी दोन्ही प्रकार बनवले आहेत आणि या सल्ल्याशी पूर्ण सहमत नाही. माझं म्हणणं मात्र साडेतीन-चार टक्क्यांच्या हलक्या, सोनेरी उन्हाळी एलपुरतंच आहे (एल म्हणजे घरच्या साध्या उबेत आंबवलेली बिअर). स्टाउट किंवा गडद बिटर अशी भरीव, काळसर बिअर करायची असती तर माझा कौल वेगळा पडला असता.

कायद्याचं एका परिच्छेदात उरकतो. हे लिखाण ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मंडळींसाठी आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, परवान्याशिवाय घरी मद्य बनवता येत नाही, तेव्हा तिकडे हा उद्योग करू नका. ब्रिटनमध्येही १८८० पासून घरी बिअर बनवायला परवाना लागायचा. १९६३ च्या अर्थसंकल्पात रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली. तेव्हापासून स्वतःच्या घरासाठी खुशाल बनवा, विकायची मात्र नाही.

आता मुळात आपल्याला हवं काय आहे ते पाहू. सोनेरी उन्हाळी एल हा इंग्लंडमधला तसा अलीकडचा प्रकार. १९८६ साली एक्समूर गोल्ड आली, त्याच दशकात सॉल्सबरीच्या हॉप बॅक ब्रुअरीची समर लाइटनिंग आली, आणि लागर (थंडाव्यात आंबवलेली फिकट बिअर) पिणाऱ्या तरुण पिढीला एलकडे वळवणारी एक वाट तयार झाली. फिकट माल्ट, नाकाला जाणवणारे हॉप्स आणि घोट घशाखाली उतरल्यावर जिभेवर गोडवा न रेंगाळणं, ही तिची तीन लक्षणं. यातलं तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ऊन असताना बागेत बसून दुपारी दोन ग्लास प्यायचे, सोबत पोह्यांचा चिवडा किंवा कांदाभजी, तर बिअर शेवटी कोरडीच लागायला हवी. गोडसर एलचा दुसरा ग्लास जात नाही.

दोन डब्यांच्या किटचं घोडं नेमकं इथेच अडतं, आणि तेही बहुतेक वेळा १.०२० ला.

ज्यांनी हे अनुभवलं आहे त्यांना आकडा वाचूनच कळलं असेल. बाकीच्यांसाठी सविस्तर सांगतो. हायड्रोमीटर साध्या पाण्यात १.००० दाखवतो; साखर जितकी जास्त तितका आकडा वर, आणि यीस्ट ती खाऊन अल्कोहोल करतं तसा तो खाली उतरतो. बिअर १.०४० ला सुरू होते. पहिले दोन दिवस झकास फेस, एअरलॉक बुडबुडतो, घरभर पावाच्या कणकेसारखा वास. चौथ्या-पाचव्या दिवशी सगळं शांत. आठवड्याने हायड्रोमीटर सोडावा तर १.०२०. तीन दिवसांनी पुन्हा, तरी १.०२०. बादली हलक्या हाताने गोल फिरवून तळाचं यीस्ट उठवायचं, बादली घरातल्या उबदार कोपऱ्यात हलवायची, नवं यीस्ट कोमट पाण्यात जागं करून ओतायचं. एवढं करून आकडा १.०१८ ला येतो आणि पुन्हा ठाण मांडतो. असं मी एकाच कंपनीच्या नव्हे, वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटांत पाहिलं आहे. प्रत्येक वेळी होतं असं नाही, पण निर्धास्त राहता येत नाही इतक्या वेळा होतं.

बरं, चवीपुरता प्रश्न असता तर गोड मानून घेतलं असतं. खरी पंचाईत बाटल्या भरताना होते. बाटलीत फेस यावा म्हणून आपण लिटरमागे पाचेक ग्रॅम साखर घालतो. हायड्रोमीटरच्या भाषेत (आकड्यात ०.००१ म्हणजे एक अंश) ती जेमतेम दोन-अडीच अंश भरते. १.०२० ला अडकलेली बिअर उद्या बाटलीत पुन्हा जागी झाली आणि १.०१२ पर्यंत उतरली, तर आठ अंशांचा वायू, म्हणजे ठरवलेल्याच्या तिप्पट-चौपट, त्या बंद बाटलीत साठणार. काच फुटते. घरात लहान मुलं असतील तर हा धोका पत्करण्यासारखा नाही. बरं, ओतून द्यावी तर ती खराबही झालेली नसते. मग बादली आठवडे-आठवडे अडकून पडते, आणि इकडे उन्हाळा, ब्रिटनमधला असल्याने, तेवढ्यात संपतो.

असं का होतं? माल्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे कारखान्यात बनवून, पाणी उडवून दाट केलेलं वर्ट, बिअर होण्याआधीचं गोड पाणी. त्यातल्या किती शर्करा यीस्ट खाऊ शकेल आणि किती नाही, हे कारखान्यात माल्टचे दाणे गरम पाण्यात भिजवतानाच ठरून गेलेलं असतं. आपल्या हाती आलेल्या डब्यात ते बदलता येत नाही. दोन डबे घातले की न आंबणाऱ्या शर्करेचा वाटाही दुप्पट होतो. त्यात डबा जुना असेल तर एक्स्ट्रॅक्ट गडद होतं, यीस्टला लागणारं पोषण कमी होतं. आणि झाकणाखालची यीस्टची पुडी बऱ्याच किटांमध्ये सहा-सात ग्रॅमचीच असते. तीही डब्याबरोबर महिनोन्‌महिने गोदामात उन्हा-थंडीत पडलेली. प्रत्येक कारण एकटं किरकोळ असेल, पण सगळी एकत्र आली की यीस्ट अर्ध्या वाटेत दमतं.

एका डब्यात हे सहसा होत नाही, आणि त्याचं कारण तीच बदनाम साखर. साखर शेवटच्या कणापर्यंत आंबते, आणि तिचं जे अल्कोहोल होतं ते पाण्याहून हलकं, त्यामुळे शेवटचा आकडा आपोआप खाली येतो. माझ्या बादलीत एका डब्याची बिअर बहुधा १.००८ च्या आसपास थांबते. कोरडी, स्वच्छ, बाटलीत भरायला निर्धोक.

पण पाणचटपणाचा आरोप खोटा आहे असं म्हणणार नाही. किटवर लिहिल्याप्रमाणे अख्खा किलो साधी साखर घातली, तर बिअर पातळ होते, फेस पटकन बसतो आणि चवीत सफरचंदाच्या सायडरसारखी झाक येऊ शकते. साखरेत यीस्टला ऊर्जा मिळते, पोषण मिळत नाही. दोन डब्यांच्या बिअरचा फेस ग्लासच्या कडेला टिकतो, माल्टची चव भरीव लागते, हे मी मान्य करतो. तिथे ती निर्विवाद सरस आहे.

म्हणून मी मधला मार्ग काढला, आणि मनापासून सांगायचं तर आता त्यावरच स्थिरावलो आहे. १.७ किलोचा एक फिकट डबा, किलोभर साखरेऐवजी अर्धा किलो फिकट स्प्रेमाल्ट (माल्ट एक्स्ट्रॅक्टची कोरडी पूड) आणि फक्त ३०० ग्रॅम ब्रुइंग शुगर. पाणी २३ लिटरऐवजी २१ पर्यंतच. सुरुवात साधारण १.०३७-३८ ला होते, शेवट १.००८ ला, अल्कोहोल चार टक्क्यांच्या किंचित खाली. साखरेचं प्रमाण एवढं कमी झालं, की सायडरची झाक मला तरी लागत नाही, आणि पातळपणा उन्हाळी एलला शोभेल इतकाच उरतो. इंग्लिश बिअरमध्ये थोडी साखर घालणं हा काही आजचा गरिबीचा उपाय नव्हे. इथल्या ब्रुअरीजना १८४७ सालीच साखर वापरायची मुभा मिळाली, आणि अनेक नामांकित एलमध्ये ती आजही असते. स्प्रेमाल्टची एक खोड मात्र लक्षात असू द्या: वाफेवर धरलं की पिशवीतच गोळा होऊन बसतं. आधी गार पाण्यात ढवळून घ्या, मग गरम पाणी ओता.

या मार्गाचा दुसरा फायदा म्हणजे मोकळीक. दोन डब्यांची बिअर आणखी हलकी करायची तर पाणी वाढवणं एवढंच हाती उरतं, आणि त्याने कडवटपणा, सुगंध, सगळंच फिकं होतं. एका डब्यात माल्ट किती, साखर किती, हे आपण ठरवतो. पुढच्या खेपेला १०० ग्रॅम इकडचं तिकडे केलं तरी फरक जिभेला कळतो.

हॉप्सच्या बाबतीत दोन्ही किट सारखेच लंगडे. एक्स्ट्रॅक्ट दाट करताना कडवटपणा शिल्लक राहतो, पण उडून जाणारा सुगंध बराचसा निघून जातो. काही दोन डब्यांच्या किटांत हॉप्सची पुडी वेगळी देतात, तो त्यांचा चांगला गुण. एका डब्यासाठी ती आपण घ्यायची: ३० ग्रॅम ईस्ट केंट गोल्डिंग्ज घेतलं तर मधासारखा, मातीचा हलका गंध, आणि कॅस्केड घेतलं तर ग्रेपफ्रूटच्या सालीचा, मोसंबीच्या जवळ जाणारा. माझा ओढा उन्हाळ्यात कॅस्केडकडे. उकडलेल्या मलमलच्या पिशवीत घालून, बाटल्या भरायच्या चार दिवस आधी बादलीत सोडायचे. आंबण्याचा जोर असताना सोडले तर बुडबुड्यांबरोबर सुगंध हवेत जातो.

यीस्टवर हात आखडता घेऊ नका. झाकणाखालची पुडी बाजूला ठेवून ११ ग्रॅमच्या आसपासची नॉटिंगहॅम किंवा सफेल यूएस-०५ यीस्टची पुडी आणा. नॉटिंगहॅम तळाला घट्ट बसतं, त्यामुळे बाटलीतून ओतताना गाळ ग्लासात येत नाही, म्हणून मला तेच आवडतं. याने दोन डब्यांच्या किटचीही अडण्याची शक्यता कमी होते, हे न्यायाने सांगायला हवं. कमी होते, जात नाही.

पाण्याची फार चिंता करू नका. बर्मिंगहॅमला १९०४ पासून वेल्समधल्या एलान खोऱ्याचं मऊ पाणी येतं, लंडनचं पाणी जड, आणि इथून जवळच्या बर्टनच्या बिअरची तर ख्यातीच तिथल्या जिप्समयुक्त पाण्यामुळे झाली. पण एक्स्ट्रॅक्टमध्ये कारखान्याच्या पाण्यातले क्षार आधीच उतरलेले असतात. क्लोरीन मारण्यापुरती अर्धी कॅम्पडेन गोळी आख्ख्या बादलीला पुरते.

तापमान मात्र जपायला हवं. यीस्टला १८ ते २० अंश मानवतात, आणि इथल्या बहुतेक घरांत वातानुकूलन नसतं. २०२२ च्या जुलैत इंग्लंडमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ अंश नोंदले गेले. अशा आठवड्यात बादली भरली तर यीस्ट भलत्याच वासाची बिअर देईल. त्यामुळे एप्रिलच्या मध्यावर किंवा मेच्या सुरुवातीला बनवा, म्हणजे दोन आठवडे आंबायला, दोन आठवडे बाटलीत घरच्या उबेत, दोन आठवडे गार जागी, असं करून जूनमध्ये ती प्यायला तयार होते. मध्येच ऊन तापलंच तर बादलीभोवती ओला टॉवेल गुंडाळून टोक पाण्याच्या परातीत सोडा आणि पंखा लावा. माठ जसा पाणी गार ठेवतो, तसंच काम होतं, दोन-तीन अंश सहज उतरतात.

खर्चाचं म्हणाल तर डबा, स्प्रेमाल्ट, वेगळं यीस्ट आणि हॉप्स मिळून एकूण किंमत दोन डब्यांच्या चांगल्या किटच्या जवळपास जाते. तेव्हा पैसे वाचवायला एक डबा घ्या, असं मी सांगत नाही. दोन्हींना तेवढेच पैसे लागत असतील तर ते यीस्ट आणि हॉप्सवर गेलेले मला जास्त पटतात.

ज्यांना वजनं-मापं करायची नाहीत, डबे उघडून ओतले की काम झालं असं हवं आहे, किंवा माल्टची भरीव चवच आवडते, त्यांना दोन डब्यांचा किट मानवेल. ऑक्टोबरनंतर मी स्वतःही गडद बिटरसाठी तोच घेतो, तिथे १.०१४ ला थांबलेली बिअर उलट छान लागते. उन्हाळ्यासाठी तोच घ्यायचा झाला, तर डब्यावरची तारीख पाहून सगळ्यात ताजा उचला, वर्ट बादलीत ओतताना उंचावरून ओतून भरपूर हवा मिसळू द्या, ११ ग्रॅमचं यीस्ट वेगळं घाला, आणि हायड्रोमीटर तीन दिवस सलग एकच आकडा दाखवेपर्यंत, तोही १.०१४ च्या खाली, बाटल्यांना हात लावू नका.