धुक्यातल्या किनाऱ्यावर पक्षी बघायला ८×४२ दुर्बीण कशी वाटली

समुद्रावर पक्षी बघणाऱ्यांना आधीच सांगते, १०× नि १२× (म्हणजे दहा-बारा पट मोठं दाखवणाऱ्या) दुर्बिणींच्या मागे लागू नका, निदान धुक्याच्या सीझनला तरी. मी ही साधी मिड-रेंजची ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, पुढची लेन्स ४२ मिमीची), रूफ प्रिझमवाली (सरळ नळ्यांची) वॉटरप्रूफ दुर्बीण ऐन वसंतात, स्थलांतर जोरात चालू असताना, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत किनाऱ्यावर वापरली आणि मला मनापासून आवडली.

वसंतात काय होतं, हवा उबदार नि दमट होते पण समुद्राचं पाणी अजून गारच असतं, ती हवा पाण्यावर आली की धुकं धरतं आणि कधी कधी दुपारपर्यंत हटायचं नाव घेत नाही. अशात मॅग्निफिकेशन वाढवलं की पक्ष्याबरोबर धुकंही मोठं होतं, चित्र पांढुरकं पडतं, वर हाताची थरथर वाढते ती वेगळीच. ८× मध्ये एका नजरेत जास्त भाग मावतो त्यामुळे धुक्यातून अचानक थवा बाहेर पडला तरी तो चटकन सापडतो. शिवाय ४२ ला ८ ने भागलं की एक्झिट प्युपिल, म्हणजे डोळ्याकडे बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी, ५.२५ मिमी येतो, १०×४२ चा ४.२ च, आणि अंधूक उजेडात हा फरक डोळ्याला जाणवतो बरं का.

खरी मजा भरतीला. पाणी चढायला लागलं की चिखल बुडतो आणि चिखल्या, तुतवार वगैरे मंडळी आपोआप काठाकडे सरकतात, म्हणून धुक्याच्या दिवशी भरतीआधीचे दोन तास मी अजिबात सोडत नाही. डनलिन या छोट्या किनारपक्ष्याचा एक थवा इतका जवळ उतरला की पोटावरचा काळा डाग, पाठीवरची तांबूस पिसं, चोचीचं किंचित खाली वाकलेलं टोक, सगळं स्वच्छ दिसलं. हिवाळ्यात हाच पक्षी नुसता करडा असतो, पटकन लक्षही जात नाही! पलीकडे टर्नस्टोन हे दुसरे किनारपक्षी ओलं शेवाळ चोचीने उचलून पालथं घालत होते, खालचे किडे उडी मारायच्या आत टिपत होते, आणि हे सगळं बघताना फोकसला फारसा हात लावावा लागला नाही.

आता दुर्बिणींच्या वर्णनात येणाऱ्या फॉगप्रूफ या शब्दाबद्दल. आत नायट्रोजन भरलेला असतो म्हणून आतल्या बाजूने काचा धुरकटत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. बाहेरून दव बसतंच, आपल्या श्वासाने आयपीसवरही (डोळ्याकडच्या लेन्सवर) वाफ धरते, त्यामुळे मायक्रोफायबरचं कोरडं फडकं आतल्या खिशात हवंच हवं.

न आवडलेलं म्हणजे पुढच्या लेन्सची झाकणं, फारच ढिली, चालता चालता निघून लोंबकळतात. पट्टाही पातळ आहे, दुपारपर्यंत मान दुखायला लागते, तो बदलून खांद्यांवर भार घेणारा हार्नेस घेतला तर दिवसभर त्रास नाही. चष्मा असेल तर आय रिलीफ (डोळा आयपीसपासून किती दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) १६ मिमीच्या वर आहे ना ते बघूनच घ्या, नाहीतर कडेचं चित्र कापलं जातं.

आणि घरी आल्यावर काचा लगेच कोरड्या पुसू नका प्लीज, मिठाचे कण घासून कोटिंगवर चरे पडतात. खरोखर वॉटरप्रूफ असेल तर आधी गोड्या पाण्याची हलकी धार सोडा, मग टिपून घ्या.