नोबेलचा नामांकन संग्रह: वादविवादाच्या तयारीला किती पुरतो?

‘नव्याने निवडून आलेल्या नेत्याला शांततेचं नोबेल द्यावं का?’ हा वादविवादाचा हुकमी विषय. मुंबईतल्या कुठल्याही कॉलेजात तो फळ्यावर लागला की दोन्ही बाजूंची मुलं थेट ओबामांच्या २००९ च्या पुरस्कारावर जातात आणि बातम्यांच्या कात्रणांवर पाच मिनिटांचं भाषण उभं करतात. त्यापेक्षा भक्कम सामग्री नोबेलप्राइज डॉट ऑर्गवरच्या नामांकन संग्रहात पडून आहे. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. १९०१ पासून कोणी कोणाचं नाव सुचवलं, ते तिथे वर्षानुसार आणि नावानुसार शोधता येतं. या विषयासाठी तो वापरायलाच हवा. पण तो कुठे तोकडा पडतो हे आधी माहीत नसेल, तर खंडनाच्या फेरीत पंचाईत होते.

सुरुवात गांधीजींपासून करा. शोधाच्या चौकटीत आडनाव इंग्रजीत टाका, विभाग शांततेचा निवडा. व्यक्तीचं पान उघडलं की तिची सगळी नामांकनं खाली दिसतात आणि प्रत्येकावर टिचकी मारली की सुचवणाऱ्याचं नाव, पद आणि देश मिळतो. १९३७, १९३८, १९३९, १९४७ आणि १९४८ अशी पाच वर्षं हाती लागतील. पहिल्या तिन्ही वेळा नाव सुचवणारे होते नॉर्वेच्या संसदेतले मजूर पक्षाचे ओले कोल्ब्यर्नसेन. १९४७ चं पान मुंबईकरांनी सावकाश वाचावं. त्या वर्षी भारतातून तारेने आलेल्या नावांमध्ये गोविंद वल्लभ पंत आणि मावळणकर यांच्यासोबत बाळासाहेब खेर आहेत, तेव्हाचे मुंबई प्रांताचे पंतप्रधान. मलबार हिलच्या बी. जी. खेर मार्गाला ज्यांचं नाव आहे, तेच हे खेर. मुंबईतल्या श्रोत्यांसमोर हा तपशील दिला की सभागृह कान टवकारतं, आणि तो शंभर टक्के खरा आहे.

याच संकेतस्थळावर गांधीजींना पुरस्कार का मिळाला नाही यावर एक मोठा लेख आहे. संग्रहातली नोंद आणि तो लेख शेजारी ठेवून वाचले तरच चित्र पूर्ण होतं, कारण नुसती नोंद कोरडी असते. १९३७ साली शांततेचा पुरस्कार ठरवणाऱ्या नोबेल समितीचे सल्लागार याकोब वोर्म-म्युलर यांनी अहवालात गांधीजींच्या भूमिकांमधल्या तीव्र वळणांवर बोट ठेवलं होतं. दक्षिण आफ्रिकेतला लढा, चंपारण आणि दांडी हे सगळं पाठीशी असलेल्या माणसाबद्दलचा हा अभिप्राय. १९४८ साली नामांकनांची मुदत संपायला दोन दिवस असताना त्यांची हत्या झाली आणि समितीने ‘योग्य जिवंत उमेदवार नाही’ म्हणून त्या वर्षी कोणालाच पुरस्कार दिला नाही. विरोधी बाजूने बोलणाऱ्याला याहून धारदार तुलना मिळणार नाही: तीस-चाळीस वर्षांचं काम अपुरं ठरलं, तर ओबामांची नऊ महिन्यांची कारकीर्द पुरेशी कशी?

आता उणीव. नामांकनांची आणि चर्चेची कागदपत्रं ५० वर्षं गुप्त राहतात. म्हणजे या विषयाचा गाभा असलेलं २००९ हे सालच संग्रहात नाही आणि २०५९ उजाडेपर्यंत तरी येणार नाही. ओबामांचं नाव टाकून निकाल रिकामा आला की काही मुलं ‘त्यांचं नामांकनच झालं नव्हतं’ असा शोध लावतात. परीक्षकांपैकी एकाला जरी नियम माहीत असला, तरी तिथेच गुण जातात. त्या वर्षी एकूण २०५ नावं आली होती, हे समितीनेच जाहीर केलं होतं. त्यापलीकडे समिती एकही नाव सांगत नाही. ‘अमुक नेत्याचं नोबेलसाठी नामांकन’ अशी जी बातमी दर वर्षी येते, ती सुचवणाऱ्याने स्वतः फोडलेली असते. आणि सुचवू कोण शकतं? कोणत्याही देशाचा खासदार किंवा मंत्री, इतिहास, कायदा, समाजशास्त्रं, तत्त्वज्ञान वगैरे विषयांचे प्राध्यापक, आधीचे विजेते. जगभरात हजारो माणसं झाली ही. म्हणून नामांकनाला पात्रतेचा पुरावा मानणारं भाषण पहिल्याच प्रश्नाला कोसळतं. संग्रहात १९३९ साली हिटलरचंही नाव आहे. एका स्वीडिश खासदाराने ते उपरोधाने दिलं होतं आणि मागेही घेतलं.

२००९ साठी मग त्याच संकेतस्थळाच्या दुसऱ्या दालनात जावं लागतं. शांतता पुरस्काराच्या वर्षवार यादीत २००९ उघडा. तिथे समितीचं निवेदन, अध्यक्ष थोरब्यर्न यागलांड यांचं समारंभातलं भाषण आणि ओबामांचं व्याख्यान, तिन्ही पूर्ण मिळतात. निवेदन छोटं आहे, ते आधी वाचा. आंतरराष्ट्रीय मुत्सद्देगिरी आणि लोकालोकांमधलं सहकार्य बळकट करण्याचे असाधारण प्रयत्न, हे कारण त्यात दिलं आहे आणि अण्वस्त्रमुक्त जगाच्या कल्पनेला विशेष महत्त्व दिलं आहे. व्याख्यानात ओबामा स्वतःच म्हणतात की श्वाइट्झर, मार्टिन ल्यूथर किंग, मार्शल, मंडेला या आधीच्या विजेत्यांपुढे आपलं काम तोकडं आहे. हे वाक्य दोन्ही बाजूंना वापरता येतं, त्यामुळे आधी कोण वापरतो यालाच महत्त्व.

तारखांची जुळणी मात्र कुठल्याही दालनात आयती मिळत नाही, ती स्वतः करावी लागते. सर्वांत जास्त ऐकू येणारा मुद्दा असा: शपथविधी २० जानेवारी २००९, नामांकनांची मुदत १ फेब्रुवारी, म्हणजे बारा दिवसांच्या कामावर नोबेल दिलं. ऐकायला झकास, पण तो टिकत नाही. मुदत असते ती नाव पाठवण्याची, काम मोजण्याची नव्हे. फेब्रुवारीतल्या पहिल्या बैठकीत समितीचे पाच सदस्य आपली नावं घालू शकतात, मग निवडक नावांवर सल्लागारांचे अहवाल येतात आणि निर्णय होतो शरद ऋतूत. २००९ ची घोषणा ९ ऑक्टोबरला झाली. तोवर ५ एप्रिलचं प्रागमधलं अण्वस्त्रांवरचं भाषण, ४ जूनचं कैरोतलं भाषण आणि २४ सप्टेंबरची सुरक्षा परिषदेची बैठक होऊन गेली होती. अनुकूल बाजूचा तयार वक्ता हे तीन दिनांक मांडून बारा दिवसांचा मुद्दा एका मिनिटात निकालात काढतो.

तसाच दुसरा फसवा मुद्दा ३०,००० सैनिकांचा. अफगाणिस्तानात जादा फौज पाठवायची ती घोषणा १ डिसेंबरची, पुरस्कार जाहीर झाल्यानंतरची. समितीला ती ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. विरोधी बाजूने त्याऐवजी १७ फेब्रुवारीची १७,००० सैनिकांची आणि २७ मार्चची आणखी ४,००० प्रशिक्षकांची घोषणा धरावी. ती पुरस्कार जाहीर होण्याच्या कितीतरी आधीची आहे आणि थेट नोबेल यांच्या १८९५ च्या मृत्युपत्राला भिडते. मृत्युपत्राचा मजकूरही याच संकेतस्थळावर आहे. त्यात गेल्या वर्षभरात केलेलं काम आणि खड्या फौजा कमी करणं या दोन्ही कसोट्या स्पष्ट लिहिल्या आहेत. या विषयावरचं ते सर्वांत मोलाचं पान आहे, आणि तेच सर्वांत कमी उघडलं जातं, याचं वाईट वाटतं.

अनुकूल बाजू घ्यायची असेल तर ओबामांना चिकटून राहू नका. विली ब्रांट ऑक्टोबर १९६९ मध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर झाले, १९७० मध्ये सोव्हिएत संघाशी मॉस्को आणि पोलंडशी वॉर्सा या करारांवर सह्या केल्या आणि १९७१ चा पुरस्कार त्यांना मिळाला. जर्मन संसदेने त्या करारांना मान्यता दिली ती थेट मे १९७२ मध्ये. नेता नवा, काम सहीपर्यंत पोचलेलं आणि पुढची वाट अजून अडलेली: पाठबळ म्हणून पुरस्कार द्यावा, या युक्तिवादाचं यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. शिवाय १९७१ ची नामांकनं खुली आहेत, त्यामुळे ब्रांट यांना कोणी सुचवलं हेही बघता येतं. ओबामांच्या बाबतीत पाठबळाचा हाच हेतू समितीचे तेव्हाचे सचिव गाइर लुन्डेस्टाड यांनी २०१५ मध्ये मांडला आणि तो अपेक्षेप्रमाणे साधला नाही असंही सांगितलं.

आमचं मत विरोधी बाजूकडे झुकतं, आणि त्याचं कारण अबी अहमद. एप्रिल २०१८ मध्ये इथिओपियाचे पंतप्रधान, जुलैत एरिट्रियाशी समझोता, २०१९ चं नोबेल. काम झालं होतं, नुसतं आश्वासन नव्हतं. तरी नोव्हेंबर २०२० मध्ये इथिओपियातल्याच टिग्रे प्रांतात युद्ध पेटलं. दिलेलं नोबेल परत घेण्याची सोय नियमांत नाही. सत्तेत असलेल्या माणसाच्या हातात फौज असते आणि पुढची वर्षं कोणी पाहिलेली नसतात, म्हणून निदान पहिल्या कार्यकाळात तरी थांबावं. यावर प्रतिवाद होऊ शकतो, जरूर करा, पण तारखांनिशी.

वापरताना आणखी एक खाचखळगा. पुरस्काराचं वर्ष आणि तो प्रत्यक्ष दिल्याचं वर्ष नेहमी एक नसतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा १९१९ चा पुरस्कार १९२० मध्ये दिला गेला, श्वाइट्झर यांचा १९५२ चा १९५३ मध्ये. यादीतलं साल समारंभाचं साल समजून बोललात तर चूक पकडली जाते. मराठी आवृत्ती नाही. ब्राउझरच्या भाषांतरावर विसंबू नका, कारण सुचवणारा कोण आणि सुचवलेला कोण यात गफलत झाली तर सगळंच उलटं होतं.

गावदेवीतल्या मणिभवनची जोड दिली तर तयारी भरीव होते. ग्रँट रोडला पश्चिमेला उतरून चालत जाता येतं. गांधीजींनी रूझवेल्ट आणि हिटलर यांना लिहिलेली पत्रं तिथे मांडलेली आहेत. किंग १९५९ मध्ये तिथे मुक्कामाला होते, ओबामा नोव्हेंबर २०१० मध्ये येऊन गेले.

संग्रहाला पाचपैकी चार. एक गुण ५० वर्षांच्या कुलपासाठी नव्हे, तो नियमच आहे. रिकाम्या निकालाशेजारीच त्या नियमाची ठळक ओळ द्यायला हवी होती, म्हणून कापला. शाळेच्या गटाला एवढं लागणार नाही, त्यांना २००९ चं निवेदन आणि मृत्युपत्र पुरे. आंतरमहाविद्यालयीन फेरीसाठी मात्र दोन संध्याकाळी राखून ठेवा: पहिली गांधी आणि ब्रांट यांच्या नोंदींसाठी, दुसरी २००९ च्या तारखा एका कागदावर ओळीने उतरवायला.