तुरीसाठी हवाबंद थैली: भुंग्यांवर चालते, उंदरावर नाही

यंदा तुरीले भुंगे लागू नये म्हणून कृषी केंद्रातून ५० किलोच्या हवाबंद थैल्या आणल्या. बाहेरून साधं विणलेलं पोतं अन् आत जाड पन्नीच्या दोन थैल्या, एकात एक. औषध काहीच नाही, आतली हवा किडेच वापरून संपवतात, मग खाणं बंद अन् वाढ बंद.

दुकानदार म्हणे एकच जाड पन्नी घ्या, स्वस्त पडते. काही कामाची नाही, भुंगा निंगताना एक पन्नी आरामात पोखरते.

भरायच्या आधी दाणे हातावर घेऊन पाहा. टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका चिकटून असन अन् नखानं सहज निंगत नसन तर ते अंडं. गोल भोक दिसलं म्हणजे भुंगा निंगून गेला. ही कीड शेतातूनच, शेंगेवरून येते, म्हणून कोठी कितीही झाडून ठेवली तरी लागतेच, अन् उन्हाळ्यात महिनाभरात नवी पिढी तयार. ज्वारीतले सोंडवाले वेगळे, ते दाण्याच्या आत अंडं घालतात, वरून दिसतच नाही. त्यांच्यासाठीही थैली चालते.

माल मात्र कडक वाळलेला पाहिजे, नाही तर बुरशी धरते. कोरड्या बाटलीत कोरडं मीठ अन् मूठभर तूर टाकून हलवा, थोडं थांबा, मीठ काचेले चिकटलं तर अजून ऊन द्या.

पोळ्यानंतर खोलली तर वर थोडे मेलेले भुंगे, नवीन भोकं जवळपास नाहीच. बाजूच्या कडुलिंबाचा पाला टाकलेल्या चुंगडीत पीठच पीठ होतं.

आता तक्रार. कागद सगळा इंग्रजीत, हवा दाबून काढायची अन् दोन्ही पन्न्यांची तोंडं वेगवेगळी पिळून बांधायची हे कोणी सांगतच नाही. उंदरानं कुरतडली की खेळ खलास. अन् दर आठवड्याले खोलून डाळीपुरती तूर काढत असाल तर घेऊच नका, हवा आत गेली की पुन्हा किडे सुरू.

तरी किडे मारायच्या विषारी वायूच्या गोळ्यांपेक्षा लय बरी. काही लोकं झोपायच्या खोलीत चुंगड्या ठेवून गोळ्या टाकून राह्यले, बाप्पा, त्या वायूनं माणूस मरते.

बेण्यासाठी अन् भाव यायची वाट पाहत ठेवलेल्या मालासाठी बिनधास्त घ्या. १० किलोची कुठं भेटत असन तर सांगा, आमच्या इकडे ५० च्या खाली कोणी ठेवतच नाही.