कानातले पाच खडे

माझ्या डाव्या कानातून कळंगुटच्या किनाऱ्यावर पाच खडे निघाले. एका खड्याचे दोनशे रुपये. वाचून हसू येत असेल तर खुशाल हसा, माझी बायको अजून हसते. पण पुढचं ऐका, कारण खड्यांपेक्षा महाग पडली ती त्यांच्यासोबत मिळालेली बाटली.

मी गोव्यातल्या माशेलचा. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला, म्हणजे चिखलात लोळायचा खेळ होतो, आणि वय पंचेचाळीस झालं तरी अंगाला तेल फासून मी त्यात उतरतो. यंदा पोरांनी मला धरून आडवाच केला. घरी येऊन चार बादल्या पाणी ओतलं तरी कानात काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं, म्हणून कापसाची काडी घालून भरपूर कोरलं. या चुकीचं खापर कुणावरही फोडता येत नाही. आठवड्याभरात कान असा खाजायला लागला की जेवताना हातातला घास ताटात ठेवून करंगळी कानात घालायचो.

तेवढ्यात कोल्हापूरहून मेव्हणा आला. पाहुण्यांना समुद्र दाखवायलाच हवा, भर पावसात का असेना. कळंगुटला वाळूवर उभा असताना लाल फेटेवाला एक माणूस जवळ आला. खांद्याला पिशवी, कानाच्या मागे कापूस गुंडाळलेली बारीक सळई. मी करंगळी कानात घातलेली त्याने लांबूनच पाहिली असणार. "साहब, एक मिनट देखने दो, देखने का पैसा नहीं." मग पिशवीतून वही निघाली. इंग्रजीत, रशियनमध्ये, कुठल्या कुठल्या भाषेत गिऱ्हाइकांनी लिहिलेले अभिप्राय. हा उद्योग पर्यटकांना गंडवायचा आहे, हे मला इथला माणूस म्हणून पक्कं ठाऊक होतं. तरी बसलो. खाज माणसाची अक्कल खाते.

सळई आत गेली, काहीतरी टोचलं, आणि त्याने माझ्या तळहातावर तपकिरी, गव्हाच्या दाण्याएवढा खडा ठेवला. मग दुसरा, मग तिसरा. मेव्हणा "अरे बापरे" म्हणत फोनवर फोटो काढत होता. नंतर तेच फोटो मोठे करून पाहिले तेव्हा दिसलं की प्रत्येक वेळी त्याचा डावा हात आधी पिशवीत जाऊन येतो. कानात मळ होतो, तो कडकही होतो, पण एका कानात सुटे पाच खडे नसतात.

हजारातले शंभर कमी केले आणि वर दोनशेला कानात घालायचे थेंब दिले. "सूजन, फंगस, सब के लिए एक ही दवा." खोका नव्हता. बाटलीवरचं लेबल अर्धं खरवडलेलं, पण औषधांची नावं वाचता येत होती: निओमायसिन, क्लोट्रिमॅझोल, बेक्लोमेथासोन, लिग्नोकेन. नावं खरी आहेत म्हणजे औषधही खरं, एवढाच विचार मी केला.

आणि गुण आला! त्याच रात्री खाज थांबली. लिग्नोकेनने कान बधिर होतो आणि बेक्लोमेथासोन हे स्टिरॉइड सूज नि खाज दाबतं, हे मला पुढे कळलं. रोग जागच्या जागी, फक्त ओरडणारं तोंड बंद. मी मात्र ऑफिसात चौघांना बाटलीचं नाव सांगत सुटलो.

थेंब घातल्यावर दोन गोष्टी व्हायच्या. घशात कडू चव यायची, आणि मिनिटभर खोली अशी गरगरायची की पलंगाची कड धरावी लागायची. कडू चवीचा अर्थ मी "औषध मुरतंय" असा लावला. शहाण्या माणसाने त्याच क्षणी बाटली फेकली असती. कानात घातलेलं औषध घशाशी यायचं तर पडद्याला भोक हवं.

दोन आठवड्यांत बाटली संपली आणि खाज दुप्पट होऊन परतली. एका मेडिकलवाल्याकडे गेलो. कुठला ते सांगत नाही, त्याची गरजही नाही. गल्ल्यावर विशीतला पोरगा, भिंतीवर फार्मसिस्टचं नाव आणि परवाना फ्रेममध्ये, पण तो गृहस्थ मला एकदाही दिसला नाही. रिकामी बाटली दाखवली. पोरगा म्हणाला, "हें घाल मरे, दोन दिसांनी बरें जातलें." चिठ्ठी मागितली नाही. बिल मागितलं तर कागदाच्या तुकड्यावर नुसती रक्कम लिहून दिली. खरं तर लेबलवर स्पष्ट छापलेलं असतं की हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही.

या बाटलीने आणखी एक रंग दाखवला. कानाची पाळी लाल झाली, तिला बारीक पुरळ येऊन पाणी सुटलं, उशीच्या अभ्र्यावर पिवळे डाग पडू लागले. बायकोने बाटली हातात घेतली आणि किमतीचं स्टिकर नखाने हळूच सोलून काढलं. खाली मुदतीची तारीख होती. चार महिन्यांपूर्वीची. "अहो, हे तुम्ही कानात घालताय?" एवढंच म्हणाली. त्या दिवशी ती हसली नाही.

बाटली घेऊन दुकानात गेलो. "ही आमची नव्हेच." खरं-खोटं ठरवणार कसं? बॅच नंबर आणि मुदत लिहिलेलं पक्कं बिल असतं तर बांबोळीला अन्न आणि औषध प्रशासनाकडे तक्रार घेऊन जाता आलं असतं. माझ्याकडे कागदाचा तुकडा होता, त्यावर दुकानाचं नावही नव्हतं.

शेवटी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली कान बघितला आणि मलाही स्क्रीनवर दाखवला. पावसाळ्यात डब्यातल्या पापडाला बुरशी धरावी तसा ओलसर पांढुरका थर, त्यावर काळे ठिपके. ॲस्परजिलस नावाची बुरशी. आपल्याकडच्या दमट हवेत पावसाळ्यात असे कान पुष्कळ येतात म्हणाल्या. बाटलीतलं निओमायसिन हे अँटिबायोटिक, ते बुरशीला काही करत नाही. उलट कानातले साधे जंतू मारून तिला जागा मोकळी करून देतं, आणि स्टिरॉइड कानाची स्वतःची झुंज मंदावतं. बाटलीत क्लोट्रिमॅझोल हे बुरशीचं औषध होतंच की, मी म्हटलं. "आधी हा थर काढल्याशिवाय थेंब पोचणार कुठे?" त्यांनी बारीक नळीने तो ओढून काढला. आवाज असा, की डोक्यात कुणी चहा फुरके मारत पितंय.

थराखाली पडद्याला टाचणीच्या डोक्याएवढं भोक होतं. सळईने पडलं, माझ्या काडीने की बुरशीने, ते त्यांनाही सांगता येईना. गरगर लिग्नोकेन आत उतरल्याने होत असे, पाळीवरचं पुरळ निओमायसिनच्या ॲलर्जीचं. आणि पडदा फुटलेला असताना निओमायसिन किंवा त्याच्याच जातीच्या जेंटामायसिनचे थेंब आतल्या कानापर्यंत गेले तर ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं, हे त्यांनी ज्या सुरात सांगितलं त्यावरून मी किती कड्यावर उभा होतो ते कळलं. पडदा शाबूत आहे का हे न बघता कुणी कानात थेंब घालायला सांगितले तर उठून यायचं, असं त्या म्हणाल्या. एरवी चिठ्ठीने मिळालेले थेंबही थंडगार घालायचे नसतात, बाटली मुठीत धरून कोमट करायची, टोक कानाला लावायचं नाही, बाटली उघडून महिना झाला की उरलेलं टाकायचं. बुरशीचं औषध खाज गेली तरी सांगितलेले दिवस पुरे करायचे.

तीन वेळा सफाई, मलम लावलेली वात, आणि आंघोळीला व्हॅसलीन चोपडलेला कापसाचा बोळा. सहा आठवड्यांत भोक आपोआप भरलं. ऐकू नीट येतं. रात्री घर शांत झालं की डाव्या कानात एक रातकिडा मात्र ओरडतो. तो निओमायसिनचा की आधीपासूनचा, कोण सांगणार.

एक गोष्ट बायकोनेच पकडली. माझी बाटली ठेवायचो त्याच फळीवर आईचे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचे थेंब होते. तशीच पांढरी, तेवढीच बाटली. आईला चष्म्याशिवाय अक्षर लागत नाही, आणि डोळ्यात थेंब घालताना चष्मा काढावाच लागतो. आता डोळ्याच्या बाटलीला लाल टिकली चिकटवलेली आहे आणि उघडल्याची तारीख पेनने लिहिलेली. कानाची बाटली घरात उरलेली नाही.