घर बांधून पंधरा महिने झाले आणि डाळ शिजेना

2025 च्या नागपंचमीला, म्हणजे 29 जुलैला, आमच्याकडे दिंडं झालीच नाहीत. पुरणाची हरभरा डाळ कुकरमध्ये सात शिट्ट्या खाऊनही बोटांनी दाबली तर टणक. आईने डाळ जुनी आहे म्हणून सांगितलं, हिने कुकरच्या रिंगवर ठपका ठेवला आणि मी थेट दुकानदारावर. उरलेली दोन किलो डाळ पिशवीसकट परत नेऊन दिली. "सर, आजवर डाळ कुणी परत आणली नव्हती आमच्याकडं," तो म्हणाला. मी म्हटलं, आता आणली.

डाळीचा दोष नव्हता. दोष गच्चीवरच्या एका व्हॉल्व्हचा होता. त्याच्याबद्दलच मला लिहायचंय, पण सध्या ज्यांच्या भिंतींना झिऱ्या (पाइप-वायरसाठीच्या खाचा) मारणं चालू आहे त्यांना बाकीचंही उपयोगी पडेल म्हणून आधी ते उरकतो.

घर जुळे सोलापुरात, तळमजला आणि वर एक खोली. गृहप्रवेश 10 मे 2024, अक्षय्य तृतीयेला. मटेरियल सगळं मी स्वतः आणलं, मजुरी वेगळी दिली. पाइप, वायर, एमसीबी कुठल्या कंपनीचे वगैरे चर्चेत पडत नाही. आयएसआय मार्क बघा आणि बिल घ्या, एवढं सगळ्यांना माहीत असतं.

माझ्याकडे दोन माणसं होती. प्लंबर वयाने मोठे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. गोड बोलणारे, सांगाल ते करणारे, दरही कमी. इलेक्ट्रिशियन तरुण आणि तोंडाने फटकळ. पॉइंटप्रमाणे दर लावायचा आणि प्रत्येक गोष्टीत "असं चालत नाही सर" म्हणायचा. गृहप्रवेशाच्या वेळी मी मामांना टॉवेल-टोपी केली आणि याला नुसता नारळ दिला. हे मुद्दाम सांगतोय, पुढे हिशेब लागेल.

इलेक्ट्रिशियनशी पहिलं भांडण स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी झालं. सळई बांधून तयार, सकाळी सात वाजता मिक्सर येणार. हा पठ्ठ्या पंख्याच्या बॉक्समध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबत बसलेला. सिमेंटची स्लरी आत गेली तर पाइप चोंदतो आणि मग वायर ओढताना स्लॅब फोडावा लागतो, हे त्याचं म्हणणं. ते मला पटलं. पटलं नाही ते दुसरंच. गच्चीपासून मीटरच्या पेटीपर्यंत दीड इंची दोन पाइप रिकामे टाकायचे, आत नुसती जीआय तार (न गंजणारी लोखंडी) सोडून ठेवायची, पुढे कधी केबल ओढायची झाली तर. रिकाम्या पाइपचे पैसे मी का देऊ? अर्धा तास वाद घातला. शेवटी मामा मधे पडले, "टाकू द्या हो सर, पोरगं बरोबर बोलतंय." दिले पैसे, चेहरा पाडून.

गेल्या डिसेंबरात छतावर सोलर बसवलं. पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78 हजारांची सबसिडी मिळते, ते एव्हाना सगळ्यांना तोंडपाठ असेल. बसवणारी पोरं आली, पाइप बघितले, तारेला केबल बांधली आणि चहा गाळून होईपर्यंत केबल खाली मीटरजवळ. शेजारच्यांच्या नव्याकोऱ्या दर्शनी भिंतीवरून आता पांढरा पाइप वाकडा उतरलाय. सोलरला अर्थिंगही तीन वेगळी लागतात: एक पॅनेलच्या बाजूचं, एक इन्व्हर्टरच्या बाजूचं, एक आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचं. फरशी घालायच्या आधी त्याने मागच्या बोळात तीन खड्ड्यांची जागा सोडायला लावली होती. तेव्हा मला वाटलं होतं, याला खड्डे खणायचेही पैसे काढायचेत.

घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरचा न्यूट्रल (विजेची परतीची वायर) वेगळा ओढण्यावरूनही मी कटकट केली होती. मेहुण्याच्या घरी तो सगळ्यांशी एक केलाय, आणि त्याचा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळली की लाइन तोडणारा स्विच, वाटेल तेव्हा पडतो. तीन माणसं बघून गेली, प्रत्येकाने वेगळा पंखा काढून नेला. आमचा पंधरा महिन्यांत दोनदा पडला. एकदा गिझरची कॉइल गेली म्हणून, एकदा बाहेरच्या प्लगमध्ये पाणी गेलं म्हणून. दोन्ही वेळा पडायलाच हवा होता.

त्याच्या कामात खोट म्हणाल तर एकच, आणि तीही पूर्ण त्याची नाही. एसीचं पाणी. पॉइंटला 4 स्क्वेअर एमएमची वायर, वेगळा एमसीबी, सगळं चोख. पण एसीतून पडणारं पाणी जाणार कुठे? इलेक्ट्रिशियन म्हणतो पाण्याचं काम मामांचं, मामा म्हणतात एसी लायटीचा. भिंतीत उतार देऊन पाऊण इंची पाइप सोडायचा, एवढंच काम होतं. कुणाच्याच यादीत नव्हतं, म्हणून झालं नाही. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा 43 ला टेकतो, एसी रात्रभर चालतो आणि आमच्या बेडरूमच्या खिडकीखाली रंगाची बादली असते. सकाळी ते पाणी तुळशीला. वॉशिंग मशीनचा नळ, प्लग आणि पाणी जायचा पाइप या तीन गोष्टी एका जागी याव्यात म्हणून मी स्वतः खडूने भिंतीवर चौकोन काढला होता, ते मात्र जमलं. बोर्डांच्या उंचीवर, स्वयंपाकघरातल्या प्लगांवर फार लिहीत नाही. ओट्यावर एक 16 अँपिअरचा प्लग वाचवला आणि आता रोज इंडक्शन की मिक्सर हे ठरवावं लागतं. माझीच करणी.

आता मामा.

सोलापुरात घर बांधताना पाण्याचं काम म्हणजे दोन घरांचं काम. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. ते गोडं, उजनीहून शंभरावर किलोमीटरच्या जलवाहिनीतून आलेलं, हौदात साठवायचं आणि स्वयंपाकाला, प्यायला पुरवून वापरायचं. बोरचं पाणी रोज, पण क्षाराचं. ते आंघोळीला, फ्लशला, फरशीला. म्हणजे गच्चीवर दोन टाक्या, खाली उतरणाऱ्या दोन लाइनी, आणि दोघींची कुठेही गाठ पडता कामा नये.

मामांनी ते काम सुरेख केलं होतं. गरम लाइन सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक), थंड यूपीव्हीसी (साधं), आणि सोलर हीटरपासूनचा पाइप तापून लांबतो म्हणून त्याला वेटोळं. मोरी-संडासाच्या चार इंची पाइपला फुटाला पाव इंच उतार, तोही लेव्हल ट्यूब धरून. जोत्याच्या बीममध्ये मोठ्या पाइपचे तुकडे आधीच बसवून त्यातून लाइन काढली, कारण आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, आणि बीममध्ये आवळलेला पाइप मग तिथेच मोडतो. संडासच्या खालच्या स्लॅबमध्ये दोन दिवस पाणी भरून ठेवलं, खालून ओल आली नाही. प्लास्टरच्या आधी हातपंपाने लाइनीत सहा किलोचं प्रेशर भरलं आणि रात्रभर सोडलं. सकाळी गेजची सुई जागची हलली नव्हती. मी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढले. आजही मोरीत खिळा मारायचा तर आधी फोन उघडतो. हे फोटो काढाच. फुकट असतात.

पण टाक्या चढल्या त्यानंतर महिन्याने. तोवर टेस्टिंग संपलेलं, फोटो संपलेले आणि माझे पैसेही.

तर डाळ. नागपंचमीनंतर तुरीचीही डाळ हट्ट करायला लागली. चहा बरा लागत होता, कारण चहाला फिल्टरचं पाणी. डाळीला सिंकच्या नळाचं. फिल्टरवाला मात्र आदल्याच महिन्यात म्हणून गेला होता की मेंब्रेन (क्षार अडवणारा आतला पडदा) वर्षाच्या आत गेलंय, पाणी जड आहे तुमचं. त्याला मी माल खपवायला निघालेला समजून वाटेला लावलं होतं. शेवटी शाळेच्या प्रयोगशाळेतला टीडीएस मीटर घरी आणला, लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारा. हौदात 280. मोरीतल्या बोरच्या नळाला 1340. आणि सिंकच्या गोड्या नळाला 790! पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या मानकात 500 पर्यंत चांगलं, दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्या, असं आहे. म्हणजे विष नव्हतं. पण हौदातून 280 चं निघालेलं पाणी सिंकपर्यंत 790 चं होतं, याचा अर्थ वाटेत कुठेतरी बोर मिसळत होती. आणि क्षारातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम डाळीच्या गरातल्या पेक्टिनला (पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याला) धरून बसलं की डाळ मऊ पडत नाही, मग शिट्ट्या किती का द्या.

मामांना फोन केले. सोमवारी तीन, मंगळवारी चार. "साइटवर हाय सर, उद्या येतो." आठ दिवस उद्याच चालू. मी त्यांचे पाच हजार रुपये वर्षभर काम बघून देतो म्हणून अडकवून ठेवले होते, आणि वर्ष होऊन तीन महिने गेले तरी दिले नव्हते. मला वाटलं, त्याचाच राग काढतायत. मग एका रात्री मी लांबलचक मेसेज पाठवला. विश्वासघात, स्वस्तातलं काम, तुम्हाला टॉवेल-टोपी केली होती, असलं सगळं. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी ही म्हणाली, टाक्या वर चढवल्या त्या दिवशी मी आईला व्हिडिओ पाठवला होता, त्यात पाइप दिसतात का बघा. व्हिडिओ पावणेदोन मिनिटांचा. टाकी दोरांनी वर येतेय, पोरं ओरडतायत, मागे मामा बसून पाइप कापतायत. दोन्ही टाक्यांच्या लाइनींच्या मधे एक आडवा तुकडा. आणि कॅमेऱ्याबाहेरून माझा आवाज:

"मामा, मधे एक कनेक्शन टाका की. बोर बंद पडली तर?"

"नको सर. दोन पाणी एकत्र कशाला? टाकायचंच तर पितळी व्हॉल्व्ह घ्यावा लागंल, आणि युनियन. उघडून बघता आलं पायजे."

"प्लास्टिकचाच टाका हो. वर कोण बघतंय."

ही काही बोलली नाही. व्हिडिओ तिने पुन्हा पहिल्यापासून लावला, एवढंच.

तर पितळी आणि प्लास्टिकच्या व्हॉल्व्हमध्ये तेव्हा साडेतीनशे रुपयांचा फरक होता. त्या साडेतीनशेत मी काय कमावलं ते लिहितो: एक मेंब्रेन, दोन किलो डाळ, एक सण आणि तो मेसेज. वर आणखी, उन्हाने पाइप खराब होतात म्हणून मीच टाक्यांखाली विटांची पेटी बांधून सगळं झाकून टाकलं होतं. व्हॉल्व्ह आहे हेच विसरायला पंधरा महिने पुरले.

मामांना फोन केला, पाच हजार घेऊन जा म्हटलं. ते संध्याकाळीच आले. मेसेजचा विषय त्यांनी काढला नाही, मी तर नाहीच. पेटीच्या विटा काढल्या, व्हॉल्व्हची दांडी बंदवर होती, पूर्ण बंदवर. मामांनी बोरच्या टाकीचं पाणी तोडलं आणि व्हॉल्व्ह कापून हातात दिला. आतल्या गोळ्याभोवती क्षाराचा थर, नखाने खरवडला तर चुन्यासारखा निघाला. त्या थरामुळे गोळा बैठकीवर बसतच नव्हता. "पास होत होता," मामा म्हणाले. बोरची टाकी रोज मोटार लावून काठोकाठ, गोड्या पाण्याची निम्मी. पाणी उंचाकडून सखलाकडे चाललं होतं, दिवसरात्र, थेंबाथेंबाने. आईने तो गोळा हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाली, पानाला लावायला चालेल की हा चुना.

मामांनी दोन्हीकडे एंड कॅप चिकटवल्या. सोल्युशन वाळायला रात्रभर पाणी बंद ठेवा म्हणाले. जाताना वळून विचारलं, "मधे ठेवायचं का कनेक्शन, सर? बोर बंद पडली तर?" हसत होते. कशाला टेन्शन घेऊलालाव, म्हणत पायऱ्या उतरले.

विटांची पेटी पुन्हा बांधली नाही. पाइपांना पांढरा रंग दिलाय, गच्चीवर गेलं की सगळं दिसतं. गोडी टाकी धुऊन भरली, सिंकला आता 290 येतं. इलेक्ट्रिशियनला एसीच्या पाइपसाठी बोलावलंय. भिंत फोडण्याऐवजी खिडकीच्या चौकटीकडून पाइप काढतो म्हणतोय, पण आधी "सांगितलं होतं ना सर" हे ऐकावं लागणार.

नारळी पौर्णिमेनंतरच्या शुक्रवारी पुरण झालं, चार शिट्ट्यांत. डाळ नव्या दुकानातली होती, किलोमागे बारा रुपये जास्त. जुनं दुकान शाळेच्या वाटेवरच आहे. मी सध्या मागच्या बोळातून जातो.