पुल-टू-रिफ्रेशचा हेडर: तयार कंट्रोल सजवावा, लायब्ररी घ्यावी की स्वतः बांधावा?

पुल-टू-रिफ्रेश म्हणजे लिस्ट खाली ओढून ताजी करणे; ओढताना वर दिसतो तो हेडर. डिझाइनमध्ये या रिफ्रेशसाठी खास अ‍ॅनिमेशन आलं की आधी दोन गोष्टी विचारून घ्या. ओढताना लिस्ट स्वतः खाली सरकायला हवी का? आणि रिफ्रेश नेमकं कुठल्या क्षणी सुरू व्हावं याबद्दल तुमचा आग्रह आहे का? दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असेल, तर प्लॅटफॉर्मचं जेस्चर तसंच ठेवून फक्त दिसणं बदला. एकाचंही ‘हो’ असेल, तर काम बरंच वाढतं आणि त्यातला बहुतेक वेळ अ‍ॅनिमेशनवर नाही, स्क्रोलवर जातो.

तयार कंट्रोल सजवणे

आयओएसमध्ये यूआयरिफ्रेशकंट्रोल आयओएस ६ पासून आहे आणि आयओएस १० पासून तो कुठल्याही स्क्रोल व्ह्यूला थेट जोडता येतो. टिंट (चक्राचा रंग) पारदर्शक करून त्यात आपला सबव्ह्यू (आतला व्ह्यू) टाकला की मूळ चक्र दिसेनासं होतं. साधारण ६० पॉइंट उंचीत मावणाऱ्या लोगोला किंवा छोट्या लॉटी (फाइलमधून चालणाऱ्या) अ‍ॅनिमेशनला एवढं पुरतं. उंची आणि ट्रिगरचं अंतर (किती ओढल्यावर रिफ्रेश सुरू होतं ते) मात्र प्रणालीच्याच हातात राहतं. आतले खासगी सबव्ह्यू शोधून बदलायच्या फंदात पडू नका. पुढच्या ओएस आवृत्तीत त्यांची रचना बदलली की हेडर मोडतो. आणखी एक खाच: कोडमधून बिगिनरिफ्रेशिंग बोलावलं तर लिस्ट खाली सरकत नाही आणि व्हॅल्यूचेंज्ड इव्हेंटही येत नाही. दोन्ही आपणच करायचं.

अँड्रॉइडच्या स्वाइपरिफ्रेशलेआउटमध्ये एवढीही मोकळीक नाही. रंग, दोनपैकी एक आकार, सुरुवातीची जागा आणि ट्रिगरचं अंतर बदलता येतं; चक्राच्या जागी स्वतःचा व्ह्यू बसत नाही. शिवाय चक्र लिस्टवर तरंगतं, लिस्ट जागेवरच राहते. लिस्टसोबत खाली येणारा हेडर हवा असेल तर हा पर्याय इथेच बाद.

डिक्लरेटिव्ह फ्रेमवर्क: मधला मार्ग

फ्लटर किंवा कंपोझ (पडदा कसा दिसावा ते आपण सांगायचं, काढायचं काम फ्रेमवर्कचं) वापरत असाल तर निर्णय खूपच सोपा आहे. फ्लटरच्या क्युपर्टिनोस्लिव्हररिफ्रेशकंट्रोलला बिल्डर (हेडर काढणारं फंक्शन) देता येतो आणि त्यात ओढलेलं अंतर व सध्याची अवस्था दोन्ही मिळतात. मूळ ट्रिगर १०० आणि रिफ्रेश चालू असतानाची उंची ६०. दोन्ही बदलता येतात. अँड्रॉइडवर हा हेडर उघडतच नाही अशी तक्रार हमखास येते, कारण तिथलं स्क्रोल टोकाला थांबतं, पुढे ताणलं जात नाही. बाउन्सिंगस्क्रोलफिजिक्स द्या आणि त्याला ऑलवेजस्क्रोलेबलची जोड द्या, म्हणजे दोनच ओळींची लिस्टही ओढता येईल.

कंपोझच्या मटेरियल ३ मधल्या पुलटूरिफ्रेशबॉक्समध्ये इंडिकेटरची जागा मोकळी आहे. मजकूर मात्र आपोआप सरकत नाही. स्टेटमधला डिस्टन्सफ्रॅक्शन (ट्रिगरच्या तुलनेत किती ओढलं ते) वापरून ग्राफिक्सलेयरने तो आपण खाली ढकलायचा. स्विफ्टयूआयचा रिफ्रेशेबल सोयीचा आहे, पण त्याचं रूप बदलायला मार्ग नाही.

स्वतः बांधणे

अवस्था पाच धरा: शांत, ओढणे, तयार, चालू, मिटणे. ओढण्याचं अंतर ० ते १ मध्ये बसवून अ‍ॅनिमेशनला द्या आणि ‘चालू’साठी वेगळं फिरतं अ‍ॅनिमेशन ठेवा. हेडरची उंची दर फ्रेमला बदलू नका, व्ह्यू ट्रान्सलेशनने (माप न बदलता फक्त जागा बदलून) सरकवा. नाहीतर दर फ्रेमला लेआउट नव्याने होतो आणि लिस्ट अडखळते. ताणाचा गुणक (बोटाच्या अंतरापैकी हेडर किती सरकतो ते) ०.५ ठेवला तर हेडर ६४ डीपी (अँड्रॉइडचं पडद्यावरचं माप) खाली यायला बोट १२८ डीपी चालावं लागतं, हे धरूनच ट्रिगर ठरवा.

आयओएसवर ओढलेलं अंतर मोजताना कंटेंटऑफसेटच्या (लिस्ट किती सरकली त्याच्या) वायमध्ये अ‍ॅडजस्टेडकंटेंटइनसेटचा टॉप मिळवा आणि चिन्ह उलटं करा. नुसता ऑफसेट घेतलात तर नॅव्हिगेशन बारच्या उंचीएवढी चूक होते. बोट सुटल्यावर वरचा इनसेट (लिस्टच्या कडेला सोडलेली जागा) वाढवला की लिस्ट उडी मारू शकते. म्हणून आधीचा ऑफसेट जपून ठेवा, इनसेट लावा, ऑफसेट परत बसवा आणि मगच अ‍ॅनिमेशनने नव्या जागी न्या. प्लेन टेबलमध्ये सेक्शनची शीर्षकं वाढवलेल्या इनसेटखाली चिकटतात आणि वर रिकामी पट्टी उरते. रिफ्रेश चालू असताना कोणी लिस्ट वर ढकलली तर त्याच मापाने इनसेट कमी करत जा.

अँड्रॉइडवर नेस्टेडस्क्रोलिंगपेरेंट३ वापरा, म्हणजे लिस्ट आपलं स्क्रोल बाहेरच्या व्ह्यूसोबत वाटून घेते. लिस्टने न वापरलेलं अंतर ऑननेस्टेडस्क्रोलमध्ये मिळतं. त्यातलं तुम्ही किती घेतलं ते कन्झ्यूम्ड अ‍ॅरेत नोंदवा. ही नोंद करायची राहून गेली तर अँड्रॉइड १२ पासून आलेला ताणाचा परिणाम आणि हेडर एकाच वेळी दिसतात. हेडर उघडा असताना बोट वर गेलं तर ऑननेस्टेडप्रीस्क्रोलमध्ये आधी हेडर मिटवा, उरलेलं अंतर लिस्टला द्या. स्पर्शाशिवायचा प्रकार, म्हणजे फ्लिंग (बोट उचलल्यावरही लिस्ट वेगात सरकत राहणं), सरळ सोडून द्या. नाहीतर लिस्ट जोरात वर आली की हेडर आपोआप उघडतो. आणि ‘काही सापडलं नाही’ हा पडदा साधा लेआउट असेल तर त्याच्याकडून नेस्टेड स्क्रोल येतच नाही, तो नेस्टेडस्क्रोलव्ह्यूमध्ये ठेवा.

लायब्ररी

आयओएससाठी एमजेरिफ्रेश, अँड्रॉइडच्या व्ह्यूंसाठी स्मार्टरिफ्रेशलेआउट. वर सांगितलेल्यापैकी बऱ्याच खाचा त्यांनी सोडवलेल्या आहेत, आपण फक्त हेडरचा क्लास लिहायचा. मुदत जवळ असेल तर आमचा कौल इकडे. घेण्याआधी शेवटचं रिलीज कधीचं आहे आणि नव्या ओएसवरच्या तक्रारींना उत्तरं मिळतात का, ते बघा.

दोन्ही प्लॅटफॉर्मवर एकच हेडर नेणार असाल तर ट्रिगरचा क्षणही ठरवा. यूआयरिफ्रेशकंट्रोल बोट टेकलेलं असतानाच, मर्यादा ओलांडताक्षणी सुरू होतो. स्वाइपरिफ्रेशलेआउट बोट सोडल्यावर. आम्ही ज्या त्या प्लॅटफॉर्मची सवय पाळतो.

कुठलाही मार्ग घ्या, व्हॉइसओव्हर आणि टॉकबॅक या पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयींसाठी ‘रिफ्रेश करा’ अशी स्वतंत्र कृती द्या आणि काम संपल्याची घोषणा करा. हाताने बांधलेल्या हेडरला यातलं काहीच फुकट मिळत नाही. उत्तर फार लवकर आलं तर हेडर लुकलुकतो, म्हणून तो किमान अर्धा सेकंद उघडा ठेवा. बोट अजून टेकलेलं असेल तर मिटवायला थांबा. नेटवर्क तुटलं, वेळ संपली किंवा पडदा बंद झाला, तरी मिटवण्याचा कोड चाललाच पाहिजे.