गुहागर: होमस्टे चांगला, त्याच्या मागचा रस्ता त्याहून भारी

पहिलेच सांगतो, होमस्टेचं नाव टाकत नाही. होमस्टेवाल्या काकूंनीच सांगितलं की खोल्या दोनच आहेत, नेटवर टाकू नका जी, फोन घेता घेता स्वयंपाक राहून जातो (‘जी’ माझं, त्यांचं नाही). तसंही गुहागरात खालचा पाट असो की वरचा पाट (गावातल्या वस्त्या), रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूचं वाडीवालं कोणतंही घर पकडा, काम होते. खरा माल घराच्या मागे आहे.

आम्ही नागपूरहून निघालो, मी, बायको, दोन पोरं आणि आई. आईचे गुडघे दुखतात म्हणून सगळे म्हणून राहिले होते की एवढ्या लांब कशाला नेता तिला. नागपूर-मडगाव गाडी आठवड्यातून दोनदा असते, ती चिपळूणला थांबते, म्हणजे मुंबई-पुण्यात उतरून गाडी बदलायची भानगड नाही, पण रात्र गाडीतच जाते आणि चिपळूणपासून गुहागर अजून 45 किलोमीटरच्या आसपास. एसटी मिळते. आम्ही प्रायव्हेट गाडी केली आणि त्या भाऊनं सामान पाहून जो रेट लावला तो ऐकून बायको अजून बोलून राहिली आहे, तर तुम्ही एसटीनंच जा.

आता घर. कौलारू, पुढे पडवी, मागे नारळ-पोफळीची वाडी, त्यातून चिऱ्याची पाखाडी म्हणजे दगडी पायवाट जाते, शेवटी बांबूचं बेडं (आडव्या दांड्यांचं फाटक) सरकवलं की सुरूचं बन आणि मग डायरेक्ट वाळू. चार-पाच मिनिटं लागतात, आईला दहा. रूममधून समुद्र अजिबात दिसत नाही हे लक्षात घ्या, फक्त ऐकू येतो. सी-व्ह्यू पाहिजे असेल तर इथं पैसे घालू नका. बाथरूम बाहेरच्या अंगाला आहे, पाणी बंबात तापते, सकाळी नंबर लागतो, आणि मोबाईलचं नेटवर्क पडवीच्या एका कोपऱ्यातच येते. पोरं आधी कुरकुरली, मग विसरली.

जेवण व्हेज. घावन, कुळथाचं पिठलं, सोलकढी, एका रात्री उकडीचे मोदक. चव एक नंबर, पण आपल्या नागपुरी जिभेला तिखट म्हणून काही लागतच नाही, सगळ्यात नारळ आणि वरून गुळाचा खडा. आईनं ठेच्याची बाटली आणली होती ती दुसऱ्या जेवणाला बाहेर आली, काकूंनी पण चाखून पाहिला आणि पूर्ण ग्लासभर पाणी प्यायल्या. मासे खायचे तर बाहेर गावात जावं लागते.

पण ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहून राहिलो ती सर्व्हिस रेटकार्डात नाहीच. काकांनी आल्या आल्या भिंतीवरचं कालनिर्णय पाहिलं आणि सांगितलं, उद्या षष्ठी, साडेचारला भरती, म्हणजे सकाळी साडेदहा-पावणेअकराला पाणी पार आत गेलेलं असेल, नऊला निघा, दक्षिणेला असगोलीकडे चालत जा, एकपर्यंत परत या. मी म्हटलं हे तोंडपाठ कसं काय? तर हिशोब असा आहे की तिथीला पाऊणनं गुणायचं, सहाचे पाऊणपट साडेचार, झाली भरतीची वेळ. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. रोज पाऊण तासानं पुढे सरकते आणि भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी. मी मोबाईलमधल्या टाइड ॲपसोबत ताडून पाहिलं, दहा-पंधरा मिनिटांचा फरक. कोकणात जाणाऱ्यानं हॉटेलचे स्टार नंतर पाहावे, आधी तिथी पाहावी, कारण ओहोटीला किनारा रुंद आणि घट्ट असतो, भरतीला तुम्ही सुरूच्या मुळाशी भुसभुशीत वाळूत पाय उपसत बसता.

घट्ट वाळूचा फायदा आईला झाला. ओल्या पट्ट्यावर ती चप्पल हातात घेऊन आमच्या पुढे. गावाजवळच्या भागात भेळ, शहाळी, फोटोवाले, गर्दी असते, तीही संक्रांतीनंतरच्या मधल्या वारी म्हणून बेताची होती, पण गाड्यांतून उतरलेले लोक तिथंच थांबतात. पंधरा-वीस मिनिटं चाला, माणूस संपतो. डावीकडे सुरू, उजवीकडे पाणी, मधे आम्हीच. माझ्या लहान्यानं आतापर्यंत चौपाटी म्हणून नागपूरचा फुटाळा तलावच पाहिला होता, रविवार संध्याकाळवाला, तर तो सारखा मागे वळून विचारे की बाबा बाकीचे कुठे गेले?

त्याला सगळ्यात जास्त आवडलं ते खेकड्यांचं काम. पाणी उतरलं की वाळूत पेन्सिलीएवढी भोकं दिसतात आणि प्रत्येक भोकाभोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्या, रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या मांडलेल्या. हालचाल न करता बसलं की नखाएवढा खेकडा बाहेर येतो, वाळू तोंडात घालतो, खाण्यासारखं काढून घेतो आणि उरलेल्याची गोळी करून बाजूला टाकतो. सावली पडली की गायब. पोट्टे अर्धा तास उकिडवे बसून होते, मोबाईल न मागता, हे मी लिहूनच ठेवतो.

किनाऱ्यावर एका ठिकाणी जाळीचं कुंपण दिसेल, ती कासवांच्या अंड्यांची हॅचरी आहे, आत जाऊ नका. ऑलिव्ह रिडले इथं हिवाळ्यात अंडी घालतात. 2023 च्या फेब्रुवारीत याच किनाऱ्यावरून बागेश्री आणि गुहा अशा दोन माद्यांना सॅटेलाइट टॅग लावून सोडलं होतं, त्यातली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. मोठीला हे सांगितलं तर ती म्हणे, आपण नागपूरहून चिपळूणला आलो त्याचं काय कौतुक मग.

असगोली मच्छीमारांचं गाव, होड्या, वाळत घातलेली जाळी, वास आहे, नाही म्हणायचं नाही. लोक कामात असतात, फोटो काढायच्या आधी विचारा. या पूर्ण रस्त्यात दुकान नाही, टॉयलेट नाही, सावली म्हणजे सुरूत शिराल तेवढीच, म्हणून म्हाताऱ्या माणसांना नेताना पाणी आणि टोपी ठेवाच. आणि पाण्यात गुडघ्याच्या पुढे नको, काकांनी दोनदा बजावलं, तळ एकदम खोल होतो म्हणे. आम्ही एक वाजता नाही, पावणेदोनला पोचलो, तोवर वाळू भाजायला लागली होती.

संध्याकाळी व्याडेश्वर आणि उफराटा गणपती करा, दोन्ही देवळं गावातच. या गणपतीचं तोंड पश्चिमेला आहे, समुद्र गावात घुसायला लागला तेव्हा तो पूर्वेकडून फिरला अशी कथा तिथं सांगतात. एन्रॉनवाला वीजप्रकल्प इथून जवळच अंजनवेलला, बाबांच्या पिढीला गुहागर नाव पेपरात तेवढ्यामुळेच माहीत.

पैसे म्हणाल तर माणशी हजाराच्या थोडे वर, नाश्ता आणि दोन्ही जेवणं धरून. पाचपैकी चार. एक बाथरूमचा कापला. रिझर्व्हेशन मात्र जातानाचं आणि येतानाचं एकाच वेळी काढून ठेवा, आमचं येतानाचं वेटिंगला होतं आणि कल्याणपर्यंत आईला सोडून बाकी सगळे एका बर्थवर.